काडतुसाची निवड आणि निवडणाऱ्याची जबाबदारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत नाट्यसंगीत, संतवाङ्मय, शहाजीराजांचे बंगळूर असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यानंतर एका काडतुसावर बोलण्यास मी उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. मी शिकारी नव्हे. इतिहास विषय घेऊन बी.ए. झालो आणि पुढचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेले. परंतु खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करणाऱ्या समाजात आपण जन्मलो, आणि जेथे येऊन स्थिरावलो त्या कर्नाटकातही आयुधपूजेला रिक्षापासून लेथपर्यंत सर्वांना झेंडूचे हार पडतात. ज्याला आपण हळदकुंकू वाहतो ते साधन कोणत्या कामासाठी, केवढ्या मापाचे आणि कोणाच्या हाती असावे, हा विचार म्हणूनच येथे अस्थानी ठरणार नाही.

सरकारी टिपणाची एक ठरलेली रीत आहे. आधी गरज मांडायची, मग पर्याय, आणि शेवटी जबाबदारी कोणाची ते लिहायचे. मोठ्या शिकारीसाठी काडतूस निवडतानाही जाणते लोक याच रीतीने विचार करतात, असे वाचनान्ती माझ्या ध्यानी आले. त्याच क्रमाने विषय मांडतो.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी. तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. पूर्वीची काळी दारू गोळीला फारसा वेग देऊ शकत नसे. मोठे जनावर पाडायचे तर गोळीच जाडजूड करणे, एवढाच मार्ग होता. १८८० नंतरच्या दशकात धूरविरहित दारू आली आणि हे गणित पालटले. ज्यांच्या नावाचे पारितोषिक आपण जाणतो त्या स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेल यांनीही १८८७ मध्ये अशीच एक दारू सिद्ध केली. वेग वाढला, तशी गोळी बारीक करणे शक्य झाले.

या नव्या युगात स्वीडन आणि नॉर्वे ही तेव्हा एकाच राजाच्या छत्राखाली असलेली दोन राष्ट्रे एकत्र बसली आणि त्यांनी दोन्ही सैन्यांसाठी एकच काडतूस ठरविले. ६.५ × ५५ असे त्याचे नाव. पहिला आकडा नळीच्या मापाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. १८९४ मध्ये ते स्वीकारले गेले. स्वीडनने त्यासाठी माउझर रायफल घेतली, नॉर्वेने क्राग-यॉर्गेनसेन. १९०५ मध्ये दोन्ही राज्ये विभक्त झाली. काडतूस मात्र दोघांनीही टाकले नाही. भाऊ वेगळे झाले तरी देवघरातला टाक दोघांनीही तसाच पुजावा, त्यातलाच हा प्रकार.

या काडतुसाची मूळ गोळी १०.१ ग्रॅमची, बारीक आणि चांगली लांब. तिचा वेग सेकंदाला सुमारे सव्वासातशे मीटर. लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून नळीतील आटे असे पाडले आहेत, की दर वीस सेंटिमीटरला गोळीचा एक फेरा पुरा व्हावा. वजन मागे साठलेले आणि तोंड अरुंद, त्यामुळे ती मांसात खोलवर जाते. उलट खांद्याला बसणारा धक्का सौम्य. हाच तिचा खरा गुण. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि मग कितीही भारी गोळी असली तरी ती जाते रानात.

या सैनिकी काडतुसाने उत्तरेतील शिकाऱ्यांच्या घरात कायमचे ठाण मांडले. तेथील मोठी शिकार म्हणजे मूस. सांबराच्याच जातकुळीचे, परंतु चारपाचशे किलोपर्यंत भरणारे जनावर. दर हेमंतात स्वीडनमध्ये हजारोंनी मूस मारले जातात आणि आजही कित्येक शिकारी ही जुनीच ६.५ वापरतात. स्वीडनच्या नियमाप्रमाणे मोठ्या जनावरासाठी गोळी निदान नऊ ग्रॅमची हवी आणि शंभर मीटरवर तिच्यात २७०० ज्यूल जोर शिल्लक हवा. गोळी दहा ग्रॅम किंवा अधिक वजनाची असेल तर २००० ज्यूल पुरतात. वजनदार गोळीला ही सवलत आहे, म्हणून हे काडतूस नियमात बसते.

आता आपल्या भागाकडे वळू. बंगळुरात शिकारीचे नाव निघाले की केनेथ अँडरसन आठवतात. १९१० चा जन्म, शिक्षण याच शहरात, नोकरी येथील विमान कारखान्यात, आणि मृत्यू १९७४ मधला. १९५४ साली आलेल्या पहिल्याच पुस्तकाने त्यांची कीर्ती झाली. त्यांची आवडती रायफल होती विंचेस्टर .४०५. तिची गोळी १९.४ ग्रॅमची, म्हणजे स्वीडिश गोळीच्या जवळजवळ दुप्पट वजनाची. स्वीडिश काडतुसाचा नळीच्या तोंडाशी जोर सुमारे २६५० ज्यूल, तर .४०५ चा ४३०० च्या घरात. अँडरसन यांची निवड गरजेतून आलेली होती. दाट झाडोरा, पन्नास पावलांच्या आतले अंतर, मावळता उजेड आणि समोर अंगावर येणारा नरभक्षक. तेथे दूरवर सरळ जाणाऱ्या गोळीपेक्षा जनावराला जागीच थोपविणारा आघात महत्त्वाचा.

मग स्वीडिश काडतूस आपल्या रानासाठी कसे ठरते? शिकार खुली होती त्या काळाच्या दृष्टीने उत्तर द्यायचे, तर चितळ, काळवीट, रानडुक्कर यांना ते उत्तम आणि सांबराला पुरेसे. वाघाला मात्र अपुऱ्या भरवशाचे, आणि गवा व हत्ती यांच्यासाठी वर्ज्य. नऊशे किलोचा गवा आणि पाचशे किलोचा मूस यांत केवळ वजनाचाच फरक नाही. जखमी मूस बहुधा पळतो, जखमी गवा उलटून येऊ शकतो.

लहान काडतुसाने मोठी कामे झाली नाहीत असे नाही. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिचे काडतूस म्हणजे जर्मन माउझरचे ७ × ५७, आपल्या स्वीडिश काडतुसाचे जणू थोरले भावंड. सव्वाशे माणसे मारणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये याच रायफलीने पडला. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने याच मापाच्या गोळीने शेकडो हत्ती मारले. पण त्यासाठी त्याने आधी हत्तीच्या कवटीची रचना बारकाईने अभ्यासली होती. त्याची रायफल विकत मिळे, त्याचा अभ्यास विकत मिळत नसे.

येथून जबाबदारीचा भाग सुरू होतो, आणि माझ्या मते विषयाचा गाभा हाच आहे. चंपावतच्या त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. ती मेल्यावर कॉर्बेट यांनी तिचे तोंड तपासले, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. कुणीतरी पूर्वी झाडलेल्या गोळीचा तो परिणाम होता. स्वाभाविक भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. तो बार कुणी काढला, त्याचे काडतूस कोणते, हे इतिहासाला ठाऊक नाही. तो गृहस्थ घरी जाऊन "नेम जरा हुकला" एवढेच म्हणाला असेल. त्या हुकलेल्या नेमाचा हिशेब मात्र कुमाऊँच्या आणि नेपाळच्या खेड्यांनी चुकता केला.

उत्तरेकडील लोकांनी ही जबाबदारी कायद्यात लिहून ठेवली आहे. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावराच्या शिकारीला जाणाऱ्याने दर वर्षी आधी तीस गोळ्यांचा सराव करायचा आणि मग शंभर मीटरवरच्या जनावराच्या आकृतीवर पाच गोळ्या मर्मस्थानी बसवून दाखवायच्या. पाचांतली एक जरी बाहेर गेली तरी परीक्षा नापास. स्वीडनमध्ये मूसची शिकार चालू असताना जखमी जनावराचा माग काढणारे शिकविलेले कुत्रे दोन तासांच्या आत जागेवर आणता येईल, अशी तजवीज असावीच लागते. जे जनावर जखमी केले ते शोधून त्याची यातना संपविणे, ही मर्जीची गोष्ट नाही.

कुत्र्याचा उल्लेख आला म्हणून आठवण देतो. कस्तुरबा रस्त्यावरील सरकारी संग्रहालयात आतकूरचा शिलालेख आहे, दहाव्या शतकाच्या मध्यातील. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, तेव्हाचा. गंग राजा बूतुग याने पराक्रमाबद्दल काय हवे असे विचारता मणलेर नावाच्या वीराने त्याच्याजवळ काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे ते एका प्रचंड रानडुकराशी झुंजले आणि दोघेही ठार झाले. मणलेराने त्या कुत्र्यासाठी दगड उभारला. हजार वर्षांपूर्वीच्या या मातीतही रानात सोबत आलेल्या जिवाचे ऋण मानले जात होते. मुलांना घेऊन तो दगड अवश्य पाहावा.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला, आणि मिटला हे योग्यच झाले. आमच्या रानांत मुळी शिकारीला पुरेल इतके उरलेच नव्हते. तरी प्रश्न पुरता संपलेला नाही. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या जनावराला मारण्याची परवानगी त्याच कायद्यात, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाने, मिळू शकते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१ ही वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता, मागे तिचे दोन बछडे होते. त्यावर देशभर वाद झाला, तो रायफलीच्या मापावरून नव्हता. गोळी कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणते उपाय थकल्यावर झाडली, हा तो वाद होता. ज्यांची माणसे गेली त्या शेतकऱ्यांचे दुःख आणि वाघिणीची बाजू, दोन्ही खरीच होती. अशा वेळी बंदूक उचलणाऱ्याची परीक्षा नॉर्वेतल्या शिकाऱ्यापेक्षाही कठोर असली पाहिजे.

शेवटी आपल्याच एका मराठी घराण्याचा दाखला देतो. संडूरचे घोरपडे हे या कन्नड मुलखातले मराठे संस्थानिक. त्या घराण्यातील मुरारीराव यशवंतराव घोरपडे हे १९७० नंतरच्या दशकात राज्याचे अर्थमंत्री होते. राजघराण्यात जन्मूनही त्यांची ख्याती झाली ती वन्यजीवांची कृष्णधवल छायाचित्रे घेण्याबद्दल. पुढे १९९४ मध्ये हंपीच्या परिसरात दरोजीला अस्वलांसाठी अभयारण्य झाले, त्यामागेही त्यांची कळकळ होती. छायाचित्रकारालाही वारा पाहावा लागतो, माग ओळखावा लागतो, श्वास रोखून योग्य क्षणाची वाट पाहावी लागते. शिकाऱ्याची सारी विद्या तेथे कामी येते, फक्त जनावर जिवंत परत जाते.

तेव्हा माझ्या टिपणाचा निष्कर्ष असा. स्वीडनचे ते जुने काडतूस सव्वाशे वर्षे टिकले, ते अधिक जोराचे होते म्हणून नव्हे. कामापुरते होते, आणि वापरणाऱ्याला नेम धरू देत होते, म्हणून टिकले. साधन कामापुरते असावे, अभ्यास कामाहून मोठा असावा, आणि परिणामाची जबाबदारी घेण्याची तयारी नसेल तर चापाला बोट लावू नये. येत्या खंडेनवमीला आपापल्या साधनांवर, मग ती लेखणी असो, संगणक असो वा गाडी, फूल वाहताना एवढे स्मरण ठेवावे, ही विनंती करतो.