मिल्टनचा तिसरा सर्ग

मिनिटं मोजकीच आहेत, म्हणून तक्रार आधी मांडतो. आपल्याकडे इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले पुष्कळ जण मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ वाचलंय म्हणतात. खोदून विचारा, पहिला सर्ग निघतो, फार तर दुसरा. सैतानाची जोरकस भाषणं कानात बसलेली असतात आणि वर ठरलेलं मत: सगळं देवानं आधीच लिहून ठेवलेलं, आदम-ईव्हचं बिचाऱ्यांचं प्राक्तनच तसं. अहो, तिसरा सर्ग उघडलात का?

काळ आठवा. 1660 साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर आला. ज्या प्रजासत्ताकासाठी मिल्टननं लेखणी झिजवली ते कोसळलं. त्याची पुस्तकं जल्लादाच्या हातून जाळली गेली, काही काळ कैद घडली, दृष्टी तर आधीच गेलेली. नशिबाला बोल लावायचा हक्क कुणाला असेल तर याला. आरामखुर्चीच्या हातावर पाय टाकून हा बसायचा आणि रात्री जुळलेल्या ओळी सकाळी कुणाकडून तरी उतरवून घ्यायचा, असं सांगतात. 1667 साली काव्य छापलं, तेव्हा हातात पडले पाच पौंड!

तर या माणसानं दैवाची चर्चा कुणाच्या तोंडी घातली? दुसऱ्या सर्गात, नरकातल्या टेकडीवर बसलेल्या पतित देवदूतांच्या. दैव, पूर्वज्ञान, इच्छास्वातंत्र्य यांचा काथ्याकूट करता करता ते वाट चुकतात. टोमणा आहे तो! आणि तिसऱ्यात देव स्वतः म्हणतो, आदम-ईव्हचं पतन मला आधी दिसलं म्हणून ते घडलं नाही.

घरातलंच उदाहरण घ्या: आई बरणीत लाडू भरते. नैवेद्य होईपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून बजावते. दुपारी बरणी निम्मी होणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. पण म्हणून पोराचा हात तिनं बरणीत घातला का? कुलूप लावता आलं असतं. मग पोरानं लाडू खाल्ला नाही, तर त्याचं कौतुक ते काय? शिवाय ताकीद द्यायला ती काकालाही पाठवते. हा काका म्हणजे देवदूत राफाएल. पाचव्या सर्गात येतो तो आठव्यापर्यंत बोलतच बसतो. आता तुम्ही म्हणाल, एका लाडवापायी पोराला घराबाहेर काढायचं? आणि ते बाहेरचं कार्टं, म्हणजे सैतान, फाटकातून आत आलंच कसं? रास्त प्रश्न आहे. मिल्टनचं उत्तर तिथं मला जरा तोकडंच वाटतं, पण ते आज नको.

मधेच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: आधी ठाऊक असणं वेगळं, घडवून आणणं वेगळं. सगळा तिसरा सर्ग यावर उभा आहे, आणि नेमका तोच आपण गाळतो.

मिल्टनच्याच काळातल्या कवी ड्रायडनवरही बोलायचं होतं. 1682 साली त्यानं इंग्लंडच्या चर्चची बाजू पद्यात मांडली, आणि 1687 साली कॅथलिक पंथाची. लोकांनी त्याला संधिसाधू म्हटलं. पण 1688 साली कॅथलिक राजा पळाला, वारं फिरलं, तेव्हा हा फिरला नाही. राजकवीपद गेलं तरी नाही. मग श्रद्धा आणि सचोटी यांचा... काचेपलीकडून हात दाखवताहेत. तेवढा तिसरा सर्ग काढा. 742 ओळी आहेत, एका दुपारचं काम.