विसावा आणि जू

सोलापूरच्या आग्नेयेस थोड्याच अंतरावर होटगी हे रेल्वेचे जंक्शन आहे. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मार्ग येथून सरळ पुढे जातो आणि विजापूर-गदगकडील फाटा येथेच फुटतो. हा फाटा पूर्वी मीटर मापाचा होता. त्या काळी एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर चालत नसे. माल उतरवून, हमालांच्या पाठीवरून नेऊन, दुसऱ्या गाडीत भरावा लागे. ओझे तेवढेच राही. वाहणारी गाडी मात्र बदले.

केडगावाहून गुलबर्ग्यास जाणाऱ्या उताऱ्यासही होटगीवरूनच जावे लागते. केडगावास पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन होते आणि गुलबर्ग्यास त्यांनी शाळा काढून तिची व्यवस्था कन्या मनोरमाबाईंकडे सोपविली होती. ख्रिस्ती मनुष्यास देवावर भरवसा ठेवल्याने जो विसावा मिळतो असे म्हणतात तो नेमका कसला, याचा विचार करणाऱ्याने या लोहमार्गावरच्या बाईंचे चरित्र अवश्य पाहावे.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने रमाबाईंचे आईबाप नेले. पुढे १८८० साली बंधू गेले, १८८२ साली पती गेले; पदरात लहान मुलगी राहिली. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथेच विसावा मिळाला असेल, असे वाचकास सहज वाटते. पण तसे झाले नाही. ख्रिस्ताचा धर्म आपणांस सापडला, परंतु धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त सापडावयास आणखी आठ वर्षे लागली, अशा आशयाची कबुली रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात दिली आहे. ज्या विदुषीस कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिला बुद्धीने पटलेल्या गोष्टीवर मनाचा भार टाकावयास इतका काळ लागावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बुद्धिमान मनुष्यास ओझे उचलणे जमते. ते खाली ठेवणे त्यास अवघड जाते.

बरे, विसावा लाभल्यावर श्रम कमी झाले म्हणावे, तर तेही नाही. उलट खरे काम पुढेच आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील पोरक्या मुली पाहून, बाईंनी सुमारे तीनशे मुलींस आश्रय देण्याचा निश्चय केला. तेवढे द्रव्य हाती नव्हते. पुण्यात प्लेगाची धास्ती पसरली, म्हणून मुलींस केडगावच्या उघड्या माळावर आणावे लागले. अमेरिकेतील मंडळीने दहा वर्षे साहाय्य करण्याचे पत्करले होते, ती मुदतही याच सुमारास भरत आली. पुढे १९०० चा दुष्काळ आला आणि मुक्तिसदनातील माणसांची गणना शेकड्यांवरून हजारावर गेली. उद्याच्या धान्याची चिंता देवावर टाकून आजच्या जात्यापाशी बसावयाचे, हा त्या घराचा नित्यक्रम झाला. यास कोणी भाबडेपणा म्हणेल. परंतु भाबड्या माणसाच्या हातून विहिरी खणल्या जात नाहीत, शेती, विणकाम व छापखाना चालत नाही. हे सारे केडगावास चालत होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायात भाराक्रांत लोकांस ख्रिस्त विसाव्यासाठी बोलावतो, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याच दमात तो त्यांस आपले जू मानेवर घ्यावयास सांगतो, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. होटगीच्या आसपासच्या ज्वारीच्या रानातील शेतकऱ्यास हे कोडे वाटू नये. जू दोघांच्या मानेवर असते. नवशिका गोऱ्हा मुरलेल्या बैलाच्या जोडीस बांधला म्हणजे त्याची धडपड हळूहळू थांबते. नांगर तर दोघांनाही ओढावाच लागतो. हा विसावा त्या जातीचा आहे. नुसत्या निवांतपणाची इच्छा धरून देवाकडे जाणाऱ्याची म्हणूनच निराशा होते, आणि ती निराशा तो बहुधा देवाच्या पदरी घालतो.

या भरवशाची खरी कसोटी दुष्काळात नव्हे, १९२१ साली लागली. आपल्यामागे मनोरमाबाई मुक्तिसदन सांभाळतील या आशेवर सारी व्यवस्था होती; त्याच जुलै महिन्यात निवर्तल्या. आईचे वय त्रेसष्ट वर्षांचे, कान मंदावलेले, शरीर थकलेले. दुःख झाले नाही असे म्हणणे हा त्या माउलीवर अन्याय होईल. विसावा म्हणजे अश्रूंचा अभाव, असे शास्त्रही कोठे सांगत नाही. लाजराच्या थडग्यापाशी खुद्द ख्रिस्त रडला होता.

बाईंपुढे तेव्हा एक काम अपुरे होते. अडाणी बायाबापड्यांस समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणावयाचे, यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या होत्या. मुक्तिसदनातील स्त्रियाच खिळे जुळवीत, छापीत. कन्येच्या मागे रमाबाई नऊ महिनेही राहिल्या नाहीत. तेवढ्या दिवसांत त्या मुद्रिते तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला, आणि विसाव्याचा व जुवाचा तो अकरावा अध्यायही त्यात त्यांच्याच मराठीत आहे.