वही कुणाच्या नावाची?



आज मी आयकराविषयी बोलणार आहे, असे म्हटल्याबरोबर काहींचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. जरा थांबा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. हिशेबात कच्चा. कविता लिहितो, अधूनमधून सगनभाऊंच्या वाटेने एखादी लावणीही लिहितो. त्यामुळे कराचा दर किती, कलम कोणते, हे समजावण्याचा अधिकार माझा नाही. पण एका बाईची हकिकत मला सांगायची आहे, आणि ती हकिकत आयकराच्या कागदाशी येऊन थांबते, त्याला माझा इलाज नाही.

आमचे घर मणेरांचे. अब्बा बांगड्या विकायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या जत्रा त्यांना तोंडपाठ. जत्रेत तमाशाचा फड उतरला की राहुटीच्या मागच्या अंगाला अब्बा पेटी उघडून बसत. फडातल्या बायका उधारीवर बांगड्या भरत आणि अब्बा त्यांच्या नावाने लाल बासनातल्या वहीत टाचण करत. लहानपणी मला नवल वाटे, की या बायकांवर रात्री एवढा दौलतजादा होतो, मग दिवसा बांगड्यांना उधारी का? एकदा विचारलेच. अब्बा म्हणाले, "पैसा त्यांच्या अंगावर पडतो, पण लिहिला जातो मालकाच्या वहीत." फडमालकाकडून घेतलेली उचल, तिची वजावट, गाडीभाडे, पोटाचा खर्च, सारे त्या एका वहीत. बाईला विचारावे तर तिला फक्त एवढेच ठाऊक, की अजून फिटलेले नाही.

हे आठवण्याचे कारण असे झाले. संगीत बारीत नाचणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आत, एक मुलगी कॉलेजात. मी लिहिलेल्या दोन लावण्या ती करते, म्हणून येणे-जाणे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि थिएटरे बंद झाली. घुंगरू खुंटीला लागले. ढोलकीवाला गावी भाजी विकायला लागला. तेव्हा मुलीने आईला मोबाइलवरचे एक अ‍ॅप दाखवले. खोलीत फोन उभा करायचा, कॅमेऱ्यासमोर नाचायचे, आणि बघणारे कुठून कुठून गुलाब, मुकुट, मोटारगाडी अशी चित्रे पाठवतात. प्रत्येक चित्राला किंमत असते. अ‍ॅपवाले आपला हिस्सा कापून उरलेले पैसे बँकेत टाकतात. बाईला हे समजायला पाच मिनिटेही लागली नाहीत. म्हणाली, "चाचा, हा तर दौलतजादाच की! फक्त नोट अंगावर येत नाही."

खरे आहे. थिएटरमालकाच्या जागी अ‍ॅपवाला आला, एवढाच फरक. आणि वही? वहीही अ‍ॅपवाल्याकडेच. २९ जून २०२० या दिवशी भारत सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते, बिगो लाइव्ह होते, आणि हिचे अ‍ॅपही होते. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षिततेची होती, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण हिच्या तीन महिन्यांच्या कमाईचा जो काही हिशेब होता तो त्या अ‍ॅपमध्येच होता. एका रात्रीत तो पडद्याआड गेला. किती आले, किती यायचे राहिले, सांगायला कागदाचा कपटा नाही.

मग दुसरे अ‍ॅप आले. ते परदेशातले. त्यांनी पॅन मागितले, बँकेचे खाते मागितले. हिच्याकडे पॅन नव्हते. आणखी एक अडचण अशी, की रंगमंचावरचे हिचे नाव वेगळे आणि आधार कार्डावरचे वेगळे. भाऊ म्हणाला, "तायडे, माझं खातं दे. पैसा तुझाच." भाऊ वाईट नव्हता, आजही नाही. दर महिन्याला पै न् पै काढून तिच्या हातावर ठेवी. दोन वर्षे असे चालले. त्या दोन वर्षांत भावाच्या खात्यावर नियमित जमा दिसू लागली, त्याने आपल्या नावाने विवरणपत्रेही भरली, आणि त्या कागदांवर त्याला टेम्पोसाठी कर्ज मिळाले. त्याला आनंद झाला, हिलाही झाला. टेम्पोला हार हिनेच घातला.

२०२२ साली ही स्वतः एका बँकेत गेली. एका खोलीच्या घरासाठी थोडे कर्ज हवे होते. साहेबांनी विचारले, उत्पन्नाचा पुरावा? ही म्हणाली, मी नाचते, लोक पैसे देतात. साहेब म्हणाले, कागद? कागद तर भावाच्या नावाचे. नाचली ही, आणि कमावता ठरला तो. बाहेर येऊन मला फोन केला. रडली नाही. एवढेच म्हणाली, "चाचा, दोन वर्षं मी होते कुठं?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाने मी ओशाळलो, कारण माझी स्वतःची गत काही निराळी नव्हती. कवीला जे मिळते त्याला आपण मानधन म्हणतो. मान व्यासपीठावर मिळतो आणि धनाचे पाकीट घरी येऊन उघडायचे असते. हिशेब ठेवणे मला वर्षानुवर्षे हलके काम वाटे. पुढे एका संस्थेने माझ्या मानधनातून दहा टक्के कर कापला आणि तो चुकीच्या पॅनवर भरला, हे मला चार वर्षांनी कळले. तेही एका सनदी लेखापालाने माझे कर-खाते संगणकावर उघडून दाखवले तेव्हा. मणेराचा मुलगा असून मी वही ठेवली नव्हती. त्याच लेखापालांकडे मी बाईला घेऊन गेलो. तिथे जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट शब्दाची. अ‍ॅप ज्याला 'गिफ्ट' म्हणते ती कायद्याच्या भाषेत भेट नव्हे. नात्याबाहेरच्या माणसांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपर्यंत भेट आली तर तिच्यावर कर नसतो, हे ऐकून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. पण तुम्ही नाचलात, गायलात, गप्पा मारल्यात आणि त्याबद्दल कुणी पैसे दिले, तर ती बिदागी झाली. बिदागी म्हणजे व्यवसायाचे उत्पन्न.

दुसरी गोष्ट, पूर्ण आवक हे उत्पन्न नव्हे. समजा वर्षाला ३,६०,००० रुपये आले. त्यातून नऊवारी, घुंगरू, तोंडाला लावायचा रंग, प्रकाशाचा दिवा, मोबाइलचा रिचार्ज, ढोलकीवाल्याची बिदागी असा १,४०,००० रुपयांचा खर्च झाला आणि त्याच्या पावत्या असल्या, तर उत्पन्न २,२०,००० रुपये. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत अशा व्यवसायातून १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही. म्हणजे हिला कर शून्य. एवढ्या उत्पन्नाला विवरणपत्र भरण्याची सक्तीही सहसा नसते. "मग भरायचं कशाला?" हिने विचारले. लेखापाल म्हणाले, "बाई, सरकारसाठी नका भरू. स्वतःसाठी भरा. नोकरदाराला साहेब पगाराचा दाखला देतो. तुमचा दाखला तुम्हीच द्यायचा, आणि तो द्यायची हीच जागा आहे."

तिसरी गोष्ट नावाची. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे, याची हिला धास्ती होती. 'नाचणारी' असे कुणी वाचेल आणि हसेल. तिथे प्रत्यक्षात एक संकेतांक टाकायचा असतो. २०२५ साली विवरणपत्रांच्या यादीत समाजमाध्यमांवरच्या 'इन्फ्लुएन्सर'साठी स्वतंत्र संकेतांक आला. गंमत बघा, १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांत 'चित्रपट कलावंत' या शब्दात गायक, गीतकार, नृत्यदिग्दर्शक सगळे बसत. फडावर नाचणारी किंवा माझ्यासारखा वहीत कविता लिहिणारा त्या यादीत नावानिशी नव्हता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आपण कुठल्या खणात बसतो हे जाणकाराला विचारूनच लिहावे.

परदेशी कंपनीकडून एक इंग्रजी कागदही आला होता, डब्ल्यू-८बेन नावाचा. बाई घाबरली. तिला वाटले, सही केली तर अमेरिकेचा कर मागे लागेल. उलट आहे. मी अमेरिकेची नागरिक नाही, तिथली रहिवासी नाही, एवढे सांगणारा तो कागद. २०२१ साली गूगलने जगभरच्या यूट्यूबवाल्यांकडून अशीच माहिती मागवली होती. माहिती न देणाऱ्याच्या जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होण्याची शक्यता होती. ती देणाऱ्या भारतीयाच्या बाबतीत फक्त अमेरिकन प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर, करारानुसार, १५ टक्के. न वाचता बाजूला टाकलेला कागद असा महागात पडतो.

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून सांगतो. वेबकॅमसमोर बसून पोट भरणाऱ्या बायका-पुरुष तिथे आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यात चारचौघांत ज्याचा उच्चार आपण टाळतो असे कामही येते. तिथला कर-विभाग काम कोणते हे बघून तोंड फिरवत नाही. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ सालीच ठरवून टाकले, की चोरट्या दारूच्या कमाईचेही विवरणपत्र भरावे लागेल. कर भरल्याने बेकायदा काम कायदेशीर होत नाही, हेही तितकेच खरे. वेबकॅमवाली बहुधा कुणाची नोकर नसते, स्वतंत्र व्यावसायिक असते. म्हणून संकेतस्थळ तिच्याकडून आधी खरे नाव आणि क्रमांक लिहून घेते. पडद्यावरचे नाव तिथे चालत नाही. मग वर्षाअखेर १०९९-एनईसी नावाचा कागद निघतो. २०२५ पर्यंत ६०० डॉलरवरच्या रकमेला तो लागे, २०२६ च्या रकमांसाठी ती मर्यादा २,००० डॉलर झाली. कागद आला नाही म्हणजे कमाई लपली, असा काहींचा समज असतो. तो चूक. स्वतंत्र व्यवसायातून निव्वळ ४०० डॉलर सुटले तरी विवरणपत्र भरावे लागते.

त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तिथे स्वतंत्र व्यावसायिकाला आयकराशिवाय सुमारे १५.३ टक्के वेगळी रक्कम भरावी लागते. ऐकायला जबर वाटते. पण त्यातला मोठा भाग तिच्या म्हातारपणाच्या पेन्शनच्या खात्यात मोजला जातो, आणि साधारण दहा वर्षे अशी नोंद झाली की तिचा हक्क तयार होतो. जिने कमाई लपवली तिने आज पैसे वाचवले, पण उतारवयात तिच्या नावापुढे नोंदच नाही.

आपल्याकडे तशी सोय नाही. वयस्क कलावंतांना राज्य सरकारचे मानधन मिळते, पण तिथेही कला केल्याचा पुरावा दाखवावा लागतो. किती म्हाताऱ्या नाचणाऱ्या मी पाहिल्या आहेत. पायात पन्नास वर्षांची चाळ, आणि ट्रंकेत एक हँडबिलसुद्धा नाही.

तर बाईने काय केले? पॅन काढले. स्वतःच्या नावाचे खाते काढले आणि अ‍ॅपला कळवले, की इथून पुढे पैसे इथेच येतील. शंभर पानी वही आणली. मुलीने रकाने आखून दिले : तारीख, अ‍ॅपवर दिसलेली रक्कम, अ‍ॅपचा हिस्सा, बँकेत आलेले रुपये, त्या दिवशीचा डॉलरचा भाव, खर्च. दर महिन्याच्या शेवटी अ‍ॅपच्या हिशेबाच्या पडद्याचे चित्र काढून छापून चिकटवायचे, कारण अ‍ॅप उद्या असेलच असे नाही. परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला वेगळ्या पिशवीत. सहा-सात वर्षांचे कागद टाकून द्यायचे नाहीत. २०२३ आणि २०२४ ची विवरणपत्रे तिने भरली. २०२५ साली दुसऱ्या एका बँकेने कर्ज दिले. मागितले होते त्याच्या निम्मे दिले, म्हणून खोली गावाच्या कडेला घ्यावी लागली. रिक्षाला रोजचे जादा पैसे पडतात. तेही ती वहीत लिहिते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे चहाला गेलो होतो. भाऊ टेम्पोतून लोखंडी कपाट घेऊन आला होता. बाईने वही माझ्यापुढे ठेवली. अक्षर मुलीचे, सही हिची. पहिल्या पानावर, जिथे आमचे अब्बा ७८६ लिहीत, तिथे हिने 'श्री' लिहिले आहे आणि खाली आपले आधार कार्डावरचे नाव. ते नाव मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाचले.

कॅमेऱ्यासमोर नाचणाऱ्या, गाणाऱ्या, शिवण शिकवणाऱ्या, पाककृती दाखवणाऱ्या कितीतरी बायका आज हे भाषण ऐकत असतील. पैसे कुणाच्या खात्यात येतात, हे त्यांनी आज संध्याकाळी एकदा बघून घ्यावे. नवऱ्याच्या, भावाच्या, मुलाच्या खात्यात येत असतील तर भांडू नये. उद्या बँकेत जाऊन आपले खाते काढावे, आणि येताना एक वही आणावी.