दुखलं की बोला

मंडळी, दाराजवळच्या खुर्च्या आज सगळ्यात आधी भरल्या. त्यावर बसलेल्या ज्येष्ठांनी ती जागा का धरली, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. रात्री चारदा उठायचं, उभं राहून धार सुरू व्हायची वाट बघायची, झालं म्हणून वळावं तर पुन्हा दोन थेंब. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. वयानुसार ती वाढली की मार्ग आवळला जातो. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ग्रंथी आतून खरवडतात. ऑपरेशन उत्तमच, पण कमरेत भूल द्यावी लागते, रक्त जातं आणि नंतर बऱ्याच जणांचं वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जातं. ज्याचं हृदय भूल सोसणार नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी मायक्रोवेव्ह पुढे आलं. अमेरिकेत ‘प्रोस्टाट्रॉन’ या मायक्रोवेव्ह यंत्राला १९९६ मध्ये एफडीए या तिथल्या नियामक संस्थेची मंजुरी मिळाली.

घरातला ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, हे यंत्र १२९६ वर. लहरीची कंपनं जितकी सावकाश, तितकी ती खोल जाते. मूत्रमार्गातून एक नळी सरकवतात. तिच्या टोकाचा फुगा मूत्राशयात फुगवला की नळी जागची हलत नाही, आणि फुग्याच्या खालची अँटेना नेमकी प्रोस्टेटमध्ये येते. ऊतींचं तापमान ४५ अंशांच्या वर नेऊन थोडा वेळ ठेवलं की पेशी मरतात. गंमत अशी, की अँटेनाला सगळ्यात जवळ असतो तो मूत्रमार्ग, आणि त्यालाच तर वाचवायचं! म्हणून त्याच नळीतून गार पाणी खेळवतात. गुदमार्गात तापमापक ठेवतात, कारण त्याची भिंत ग्रंथीपासून बोटभरसुद्धा लांब नसते.

तासाभरात काम आटोपतं; चीर नाही, टाका नाही. पण भाजलेली ग्रंथी आधी सुजते. काही दिवस कॅथेटर राहतो, आणि खरा आराम पडायला आठवडे, कधी तीन महिने लागतात. पेसमेकर किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल, तर हा मार्ग बहुधा बंदच. कॅन्सर आहे का हे तपासायला ग्रंथीचा तुकडाही हाती लागत नाही. पुन्हा उपचार करावे लागण्याचं प्रमाणही खरवडण्यापेक्षा जास्त.

ऑक्टोबर २००० मध्ये एफडीएनंच इशारा दिला. काही रुग्ण आतून गंभीर भाजले होते. कारणं ऐकून मी अस्वस्थ झालो होतो: नळी किंवा तापमापक चुकीच्या जागी, डॉक्टर खोलीबाहेर, आणि रुग्णाला इतकी गुंगी, की दुखतंय हे त्याला सांगताच येईना. या यंत्राचा शेवटचा तापमापक म्हणजे रुग्णाची जीभ. तीच बंद केली होती.

आता दुसरी साधनं आली आहेत, हे मागे पडलं आहे. माझ्या मते ते गेलं म्हणून फार हळहळू नये. पण भूल न झेपणाऱ्या मोजक्या माणसांना त्याचा उपयोग आहे. तुम्हाला कुणी सुचवलंच, तर गाढ गुंगी मागू नका. आणि डॉक्टर शेवटपर्यंत तुमच्या शेजारी थांबणार आहेत का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.