दीर्घिका आणि विश्वाची सुरुवात
(इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



तुमच्यापैकी बहुतेकांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत आणि घर मराठीत. म्हणून सुरुवात एका शब्दापासून करू. हिंदीत ‘आकाशगंगा’ हा शब्द पुष्कळदा कोणत्याही तारानगरीसाठी वापरतात. मराठीत आपण दोन शब्द वेगळे ठेवतो. अब्जावधी तारे, वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधली गेली की ती ‘दीर्घिका’. आणि आपला सूर्य जिच्यात आहे त्या दीर्घिकेचे नाव ‘आकाशगंगा’. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. अंधाऱ्या विश्वात ताऱ्यांची तळी!

असे एक तळे तुम्ही दुर्बिणीशिवाय पाहू शकता. नोव्हेंबरात, चंद्र नसलेल्या रात्री, शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात तर देवयानी दीर्घिका पुसट ढगासारखी दिसते. ती 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता.

हे अंतर कळले कसे? हेन्रिएटा लेविट या विदुषीने 1912 मध्ये दाखवले, की काही ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते आणि त्या काळावरून त्यांचे खरे तेज कळते. दिवा मुळात किती प्रखर आहे हे ठाऊक असले, की तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. 1923 मध्ये एडविन हबल यांना देवयानीत असा तारा सापडला आणि ती आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध झाले.

पुढे 1929 मध्ये हबल यांनी दाखवले, की दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने आणखी दूर जाते. ढोकळ्याच्या पिठात मटारचे दाणे आहेत असे समजा. ढोकळा फुगून दुप्पट झाला, तर एक बोट अंतरावरचा दाणा दोन बोटांवर जातो, दोन बोटांवरचा चार बोटांवर. कोणत्याही दाण्यावर बसा, बाकीचे दूर जातानाच दिसतील. विश्वाचेही तसेच. (देवयानी मात्र आपल्या इतकी जवळ आहे, की गुरुत्वाकर्षणाने ती आपल्याकडे येत आहे.)

आता हा चित्रपट उलटा फिरवा. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी सारे विश्व अतिशय दाट आणि तप्त होते. याला आपण ‘महास्फोट’ म्हणतो. पण शब्दाने फसू नका. रिकाम्या जागेत बॉम्ब फुटला, असे हे नव्हे. जागाच पसरू लागली, म्हणून तिला मध्य नाही.

पुरावा? 1964 मध्ये पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच खरखर येत होती. त्यांनी अँटेनातील कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली, खरखर थांबेना. ती त्या तप्त काळाची उरलेली ऊब होती, आता उणे 270 अंश सेल्सिअसपर्यंत थंडावलेली.

तरीही सर्वांना हे पटले नाही. ‘बिग बँग’ हे नाव 1949 मध्ये रेडिओवर प्रथम उच्चारणारे फ्रेड हॉईल यांनाच तो सिद्धांत मान्य नव्हता. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनीही वेगळा विचार मांडला. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने गेले, पण नारळीकर शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. त्यांचे बालपण बनारसला गेले. बाहेर हिंदी, घरी मराठी, अगदी तुमच्यासारखे. पुढे त्यांनी केंब्रिजमध्ये इंग्रजीत संशोधन केले आणि मुलांसाठी मराठीत गोष्टी लिहिल्या.

लहानपणी वर्गात मी विचारले होते, “विश्वाच्या आधी काय होते?” उत्तर मिळाले, “खाली बस.” पुढे कितीतरी वर्षे मी हात वर केला नाही. आज सांगतो, त्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानालाही अजून मिळालेले नाही. म्हणून तुम्ही खाली बसू नका. जी भाषा आधी ओठांवर येईल, तिच्यात विचारा.

चला, पहिला हात कोणाचा?