आपल्याच अस्त्राने पाडलेले हेलिकॉप्टर

(पुणे येथील व्याख्यानाचा संक्षेप)



२७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी श्रीनगरच्या तळावरून उडालेले हवाईदलाचे एमआय-१७ जातीचे वाहतूक हेलिकॉप्टर सुमारे दहा मिनिटांत बडगामजवळ कोसळले. आतील सहाही जण आणि खाली जमिनीवर असलेला एक काश्मिरी नागरिक मृत्युमुखी पडले. वैमानिकांपैकी एक होते नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. बालाकोटवरील हल्ल्याचा तो दुसरा दिवस. पाकिस्तानी विमाने त्याच सकाळी चालून आली होती. हेलिकॉप्टर शत्रूने पाडले की यंत्र बिघडले, हे सरकार सांगेना.

अखेर ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी कबुली दिली: आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच हेलिकॉप्टर पाडले, ही मोठी चूक होती. सेनाप्रमुखाने इतके उघड बोलावे हे आपल्याकडे दुर्मिळच. त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. प्रश्न आहे तो मधल्या सात महिन्यांचा.

त्या सात महिन्यांत लोकसभेची निवडणूक होऊन गेली. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यातील औसा येथे पंतप्रधानांनी नवमतदारांना आवाहन केले की, पहिले मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना अर्पण करा. बडगामच्या सात मृतांचा हिशेब मात्र मतदारापुढे नव्हता. रीतसर चौकशीस वेळ लागतो, हे मान्य. परंतु आपल्या तळावरून क्षेपणास्त्र सुटले, एवढी साधी गोष्ट कळण्यास सात महिने कशाला हवेत? वृत्तपत्रांतून तर तशी शंका मार्चमध्येच व्यक्त झाली होती.

१९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. तो दडपणे चूकच होते. तरीही यशवंतराव चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत उभे राहून त्यातील निष्कर्षांचा गोषवारा तरी सांगितला. पराभवाची जखम ओली असताना जे शक्य झाले, ते विजयाच्या जल्लोषात का होऊ नये?

खडकवासल्याची प्रबोधिनी आणि लोहगावचा तळ उशाशी असलेल्या पुणेकरांना हा प्रश्न परका नाही. सैन्याच्या शौर्यावर मते मागायची आणि त्याच सैन्याच्या जीवघेण्या चुकीची वाच्यता मतदान उरकेपर्यंत होऊ द्यायची नाही, हा सैनिकाचा गौरव नव्हे. मांडवगणे यांना पुढे मरणोत्तर वायुसेना पदक मिळाले. बडगामचा तो सातवा माणूस तर कोणत्याही सभेत कोणाच्या तोंडी आला नाही.