फिनलंडच्या घरातले एक कालवण



आज मी आपणांस एका कालवणाची कृती सांगणार आहे. मी काही पाकशास्त्रातला जाणकार नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, आणि चाळिशी उलटेपर्यंत चहापलीकडे माझी मजल गेली नव्हती. पण गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात तीन आठवडे फिनलंडमध्ये, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी राहण्याचा योग आला. त्या घरात आठवड्यातून एकदा तरी हे कालवण शिजे. ते का शिजे, हे आधी सांगतो.

त्यांची मुलगी आठ वर्षांची. तिकडे मूल सातव्या वर्षी शाळेत जाते. पहिल्या दिवशी आईने आपल्या रीतीप्रमाणे डबा दिला, पोळी आणि बटाट्याची भाजी. डबा तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही तसाच. विचारलं, तर पोर रडायलाच लागली. म्हणाली, "सगळी मुलं ताट घेऊन रांगेत जातात. मी एकटीच डबा उघडते."

आईच्या हातचा डबा म्हणजे आपल्याकडे काय असते, हे मी आपणांस सांगायला नको. पण त्या देशात शाळेत डबा नेण्याची चालच नाही. दुपारचे गरम जेवण शाळाच देते, सर्व मुलांना आणि फुकट. गरिबाचे मूल आणि कारखानदाराचे मूल एकाच पातेल्यातले खाते, आणि मास्तरही बहुधा त्याच पंगतीला असतात. ज्याला मांस चालत नाही त्याच्यासाठी वेगळे केलेले असते. हा कायदा झाला १९४३ साली. त्या वेळी हा देश युद्धात होता, घरोघरी रेशन होते. अशा दिवसांत त्यांनी ठरवले की पाच वर्षांच्या आत प्रत्येक गावाने ही सोय उभी करावी, आणि १९४८ पासून ती लागू झाली. सारा देश हे करतो आहे असे जगात तेच पहिले उदाहरण समजतात. मुलांनीही त्याला हात लावावा, असे कायद्यात धरलेले होते. पोरे शाळेच्या मळ्यात बटाटे काढीत, रानातली तांबडी बोरे वेचून आणीत, आणि दूध-पाव घरून घेऊन येत. स्वयंपाक म्हणजे लापशी नाही तर कालवण. एका मोठ्या भांड्यात शंभर मुलांचे भागवायचे, तर दुसरे काय करणार? खिचडीच्या टोपाशी उभे राहणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे पटेल.

या लोकांनी भूक पाहिलेली आहे. १८६६ ते १८६८ या काळात पिके बुडाली आणि देशातली बारा माणसांमागे सुमारे एक माणूस दगावले. झाडाच्या सालीचे पीठ भाकरीत मिसळून खाण्याची पाळी आली होती. थोडक्यात पुष्कळांचे पोट भरायचे, हे तिकडच्या स्वयंपाकात मुरलेले आहे.

तर आईने डबा बंद केला. बंद करताना डोळ्यांत पाणी आलं, असं ती मला म्हणाली. आणि मुलीच्या जिभेला शाळेच्या जेवणाची सवय व्हावी म्हणून तिने तेच कालवण घरी करायला घेतले. त्याचे नाव मक्कराकेइत्तो. मी प्रथम ऐकले तेव्हा मला वाटले, मक्याचे काहीतरी असणार! पण मक्करा म्हणजे सॉसेज, आणि केइत्तो म्हणजे शिजवलेले पातळ कालवण. गोव्यात ज्याला चोरीस म्हणतात त्याच जातीचा हा पदार्थ. मात्र चोरीसात मिरची, लसूण आणि व्हिनेगर ठासून भरलेले असते, आणि मक्करा अगदी सौम्य, बारीक वाटलेल्या मांसाचा, धुरावलेला. डुकराचे व गाईचे मांस त्यात बहुधा एकत्र असते आणि बटाट्याचे पीठही असते. बाजारात तो कड्यासारख्या वेटोळ्यात मिळतो.

आता कृती. पाच माणसांना अर्धा किलोचे एक वेटोळे पुरते. त्याला बटाटे पाऊण किलो, गाजरे तीन, कांदा एक, आणि लांत्तु नावाचा एक कंद पावभर. हा लांत्तु म्हणजे कोबी आणि सलगम यांच्या संकराचा पिवळसर, किंचित गोड कंद. आपल्याकडे तो सहसा दिसत नाही. नवलकोल किंवा सलगम घातले तरी काम भागते. मसाला म्हणाल तर दोनच गोष्टी, तमालपत्र आणि ऑलस्पाइसचे आठ-दहा दाणे. हे दाणे मिऱ्यापेक्षा थोडे मोठे असतात आणि त्यांना लवंग, दालचिनी, जायफळ या तिन्हींचा मिळून वास येतो. मिळाले नाहीत तर पाच-सहा मिरे आणि एक लवंग घाला. त्यांचे तमालपत्रही आपल्या तमालपत्राहून वेगळ्या झाडाचे. आपल्या पानावर तीन ठळक शिरा, त्यांच्यावर मधोमध एकच. वास वेगळा आहे, पण चालतो.

पातेल्यात दीड लिटर पाणी, मीठ, मसाला, चिरलेला कांदा, गाजर आणि लांत्तु घालून उकळी आणायची. दहा मिनिटांनी बटाट्याच्या मोठ्या फोडी टाकायच्या आणि मंद आचेवर आणखी पंधरा मिनिटे ठेवायचे. बटाटा थोडा विरघळला पाहिजे. रस्सा दाट होतो तो त्यानेच. मक्कराच्या चकत्या अगदी शेवटी, पाचच मिनिटे. तो मुळात शिजलेलाच असतो. वरून पार्सली, आणि काही घरांत शेपू. होय, आपला शेपूच! आपल्याकडची मुले ज्याच्या नावाने नाक मुरडतात, तो शेपू तिकडे नव्या बटाट्यावर, माशावर, सगळीकडे असतो.

इतके सोपे काम मी कसे बिघडवले, तेही ऐका. एके दिवशी दोघेही कामावरून उशिरा येणार होते. म्हटले, आज आपण करू. फोडणीशिवाय कालवण कसले, म्हणून तेलात मोहरी, हळद आणि लाल तिखट. मक्करा पहिल्यापासूनच रटरट उकळला. वर त्याचे साल काढायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. मुलीने एक घास घेतला, तोंडातून सालाची लांबलचक पट्टी ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. मक्करा फुगून बेचव झालेला, बटाट्याचा लगदा. तिखटाने लांत्तुचा गोडवा पार मारून टाकला. माझे मत असे, की जिथे पदार्थाची चव कंदांच्या गोडव्यावर उभी आहे, तिथे आपल्या मसाल्याने जरा बाजूला उभे राहावे.

ज्यांना सॉसेज मिळत नाही किंवा त्यातले मांस चालत नाही, त्यांच्यासाठी याच कालवणाची एक धाकटी बहीण आहे. धाकटी बहीण म्हणण्याचे कारण, तिथल्या एका कच्च्या सॉसेजचे नावच 'बहिणीचा मक्करा' असे आहे. बहिणीचा त्याच्याशी संबंध काहीच नाही. सॉसेजसाठी असलेला फ्रेंच शब्द स्वीडिशमधून आला आणि फिनिश तोंडात त्याची 'बहीण' झाली. हे कच्चे सारण आतड्यातून पिळून, लहान लहान गोळ्या उकळत्या रश्श्यात सोडतात. तेव्हा आपण कोंबडीचा किंवा बोकडाचा बारीक खिमा पाव किलो घ्यावा, त्यात मीठ, मिरपूड आणि चमचाभर तांदळाचे पीठ मळावे, आणि सुपारीएवढ्या गोळ्या रश्श्यात सोडाव्या. या मात्र कच्च्या असतात, म्हणून दहा-बारा मिनिटे नीट शिजू द्याव्या. घरी परतल्यावर मी हेच केले.

सोबत तिकडे रायची काळी, आंबूस भाकरी आणि लोणी असते. राय म्हणजे मोहरी नव्हे, ते गव्हाच्या जवळचे एक धान्य आहे. पश्चिम फिनलंडात पूर्वी वर्षातून मोजक्याच वेळा भट्टी लावीत, मधे भोक पाडलेल्या भाकऱ्या भाजीत आणि त्या काठीत ओवून आढ्याला टांगीत. आपली ज्वारीची भाकरीही या रश्श्यात बरी लागते, पण ती मी घरीच खाऊन पाहिली आहे. तिकडच्या कोणाला दाखवलेली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा पातेले चढवले, या वेळी साल काढून. मुलगी शाळेतून आली, दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाली, "शाळेतल्यापेक्षा मीठ जास्त आहे." शाळेत मीठ बेताचेच घालतात, तेव्हा तिचे बरोबर होते. उरलेले कालवण दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते. फक्त गरम करताना ते खळखळू देऊ नका, आणि घट्ट वाटले तर थोडे गरम पाणी घाला.